लेणी वस्तीतला करडा ताप

हर्षाली दारात उभी राहिली ती काळा गॉगल लावून. बाहेर आभाळ गच्च भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. सईने दार अर्धंच उघडून धरलं.

"काढ तो गॉगल."

"राहू दे गं."

"हर्षाली, काढ."

हर्षालीने गॉगल बोटभर खाली सरकवला. डावा डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता आणि उजवा त्याच वाटेला लागला होता. ती सिडकोतल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायची. "माझ्या अख्ख्या वर्गाचे डोळे आलेत," ती म्हणाली. "पण तू काळजी करू नकोस. मी कुणाच्या डोळ्यांत बघणारच नाही."

"बघून येत नाहीत डोळे!" सई ओरडली. "हातांनी येतात. रुमालाने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने येतात. विषाणू काय नजरेतून उडी मारतो का?"

"मग सगळे गॉगल कशाला लावतात?"

"उगाच लावतात!"

सईने मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं होतं आणि सातपूरला एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. दुसरा कुठलाही रविवार असता तर तिने हर्षालीला जिन्यातूनच परत पाठवलं असतं, वर हात कसे धुवायचे याचा धडाही दिला असता. पण आज चार वाजता लतिकाताई येणार होत्या.

लतिकाताईंची पुण्यात खेळ छापणारी छोटीशी कंपनी होती. मावसबहिणीच्या लग्नासाठी त्या नाशिकला आल्या होत्या आणि संध्याकाळच्या हळदीआधी थोडा वेळ काढून सईने रचलेला खेळ बघायला तयार झाल्या होत्या. नियम वाचायची त्यांना हौस नव्हती. माणसं खेळताना बघायची होती. त्या खेळाला सूत्रधार सोडून तीन माणसं लागायची. दोघांत तो उभाच राहत नसे. हर्षाली परत गेली की खेळ गेला, आणि लतिकाताई पुन्हा नाशिकला कधी उगवतील ते देव जाणे.

सईने दार पूर्ण उघडलं. "ये. पण कशाला हात लावू नकोस."

"मग फासा काय पायाने टाकू?"

आत टेबलाशी गौरांग आणि योगेश पावासकट तळलेला उलटा वडापाव खात बसले होते. तेलकट बोटं ते टेबलावर पसरलेल्या खेळाच्या नकाशाच्या अगदी काठावर पुसत होते. सईला ओरडावंसं वाटलं, पण एका वेळी एकच भांडण करावं म्हणून ती गप्प बसली. हर्षालीला तिने टेबलाच्या टोकाला बसवलं आणि समोर सॅनिटायझरची बाटली ठेवली. फासा टाकला की फवारा, मग पुढच्याने उचलायचा. वीस बाजूंचा फासा एकच होता, निळा. दुसरा मागवला होता तो कुरिअरवाल्याच्या गोदामात कुठेतरी लोळत होता.

"काय हे?" योगेश म्हणाला. "पूजा मांडली का काय?"

"हिचे डोळे आलेत."

"मंग बघू नको रे तिच्याकडं," योगेशने गौरांगला बजावलं.

सईने डोळे मिटून घेतले.

खेळ असा होता. जग बुडाल्यानंतरचं नाशिक. वीज गेली, सरकार गेलं, शहर ओस पडलं, आणि उरलीसुरली माणसं पांडवलेण्यांच्या गुहांत राहायला गेली. दगडात कोरलेल्या टाक्यांतलं पाणी प्यायची, डोंगराखाली उड्डाणपुलाच्या सावलीत आठवडे बाजार भरवायची. काय दिसतं, काय घडतं हे सूत्रधार, म्हणजे सई, सांगणार. बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं, आणि ठरवलेलं जमलं की फसलं त्याचा निकाल फासा देणार. योगेश व्यापारी, गौरांग वस्तीच्या दरवाजाचा राखणदार आणि हर्षाली वैद्य. अशा खेळांत संकट म्हणून बहुतेक वेळा लुटारूंच्या टोळ्या येतात. सईला त्याचा कंटाळा होता. तिने साथ आणली होती. करडा ताप.

त्या तापावर तिने अख्खा उन्हाळा घालवला होता. माणूस धडधाकट दिसत असतानाच तो दुसऱ्याला लागायचा. मग ताप, मग कातडीवर करडी झाक. कुणाजवळ किती वेळ बसलं तर धोका किती वाढतो याची तिने कोष्टकं केली होती, आणि ती खरोखर सुरेख होती. एकच अडचण होती. ती म्हणजे खेळणारी माणसं.

खेळाच्या पहिल्या चाचणीला ताप आला वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला, आणि तिघेही तडक त्याला बघायला गेले. हर्षालीने पेज नेली. गौरांग उशाशी बसला. योगेशने बाजारातून केळी आणली.

"अरे, साथ आहे!" सई म्हणाली होती.

"म्हणून काय बघायला जायचं नाय?" योगेश मूळचा लासलगावचा, घरी कांद्याचा व्यापार, तो स्वतः विंचूरला एका वायनरीत नोकरीला होता. "लोकं काय म्हणतील?"

"कुठले लोक? जग बुडालंय!"

"वस्तीतले तर हायेत ना."

तिघेही मेले. दुसऱ्या चाचणीला त्यांनी शहाणपणा केला, म्हाताऱ्याकडे फिरकले नाहीत. मग म्हातारा गेला, आणि गौरांगने त्याचा दहावा घातला. गौरांगचं घराणं पंचवटीतलं, यात्रेकरूंचं पौरोहित्य करणारं. तो स्वतः सॉफ्टवेअरमध्ये असला तरी दहाव्याला माणसं कशी जमवायची हे त्याला उपजतच कळत होतं. त्याने अख्खी वस्ती एका गुहेत जमवली. हर्षालीने भाताचे पिंड केले, योगेशने कावळ्याची चौकशी केली. आठवड्यात वस्ती साफ.

"तुम्हाला कोरोनातलं काहीच आठवत नाही का रे?" सईने कपाळ बडवून घेतलं होतं.

"आठवतं की," योगेश म्हणाला होता, आणि नकाशाची घडी घालायला लागला होता.

म्हणून आज तिने तिघांना सकाळीच फोनवर दम दिला होता. कुणी कुणाला बघायला जायचं नाही. दारावर जायचं नाही. दहावा, तेरावा काही नाही. एक दिवस तरी शिकल्यासवरल्यासारखं खेळा.

लतिकाताई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, हळदीसाठीची पिवळी साडी आधीच नेसून. सईच्या आईने कांदाभजी आणली आणि हात पुसायला सगळ्यांत मिळून एक नॅपकिन ठेवला. सईने तो उचलून मांडीखाली दडपला. आईने दुसरा आणून ठेवला.

"करा सुरू," लतिकाताई म्हणाल्या. "मी नाहीये असं समजा."

सईने सुरुवात झकास केली. उड्डाणपुलाखालचा बाजार, बाजारातून परत आलेला म्हातारा, त्याच्या कपाळावर दुसऱ्या दिवशी दिसलेली करडी झाक. तिने आवाज खाली आणला. "काय करताय तुम्ही?"

"मी दरवाजा बंद करतो," गौरांग म्हणाला.

"मी बाजार बंद करतो," योगेश म्हणाला.

"मी म्हाताऱ्याला वेगळं ठेवते," हर्षाली म्हणाली. "लांबूनच."

"छान," सई म्हणाली. "दिवस उलटला. आता?"

"दरवाजा बंदच."

"मी घरी बसतो."

"मीपण."

"फासा टाकू का?" योगेशने विचारलं.

"कशासाठी?"

"बसायला जमतंय का बघायला."

सईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने भजं उचललं. आणखी एक दिवस उलटला. दरवाजा बंद होता. तिघे घरी होते. म्हातारा मेला. कुणी गेलं नाही. कोष्टकाप्रमाणे साथ आटोक्यात येत होती, आकडे हुबेहूब सईने मांडले होते तसे खाली येत होते, आणि टेबलावर स्मशानशांतता होती. लतिकाताईंनी एकदा मोबाइल पाहिला. मग दुसऱ्यांदा पाहिला, तेव्हा तो खाली ठेवला नाही.

"तुम्ही काहीतरी करा ना!" सई न राहवून म्हणाली.

"तूच म्हणालीस काही करू नका," हर्षाली म्हणाली.

"म्हणजे मूर्खपणा करू नका म्हणाले. काहीच करू नका असं नव्हते म्हणाले."

"मग नेमकं काय करायचं ते सांग," गौरांग म्हणाला. "दाराला कडी लावून मी आत बसलोय. अजून एक कडी लावू?"

"एक विचारू?" लतिकाताई मधेच म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू, मला कंटाळा आला. तुझा आजार अभ्यास करून केलेला दिसतोय. पण बरोबर खेळलं की घरी बसायचं आणि चूक खेळलं की मरायचं. यात खेळायचं कधी?"

सईने कोष्टकाचा कागद पुढे ओढला. साथीत घरी बसणं हेच तर शास्त्र होतं, ते तिने कसं बदलायचं? तेवढ्यात टेबलाच्या टोकाला हर्षालीने गॉगलखाली बोट घालून डोळा चोळला, त्याच बोटांनी निळा फासा उचलला आणि लतिकाताईंपुढे धरला. "ताई, तुम्ही टाकून बघता का एकदा? मजा येते."

"हर्षाली!" सई किंचाळली.

लतिकाताईंचा पुढे आलेला हात थांबला. त्यांनी गॉगलकडे नीट पाहिलं. "तुमचे डोळे आलेत का?"

"थोडे."

लतिकाताईंची खुर्ची कर्रकन मागे सरकली. "माझ्या बहिणीची हळद आहे हो आज. आणि तुम्ही आलात कशाला अशा?"

"सईला तिघं लागतात ना," हर्षाली म्हणाली. "मागे एकदा मला यायला जमलं नव्हतं तर ही महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती."

"महिनाभर नाही," सई म्हणाली.

"गणपती ते दसरा."

लतिकाताई सईकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"हो."

"तू शिकलीस काय म्हणालीस?"

"मायक्रोबायोलॉजी," सई पुटपुटली.

योगेश खाली बघून हसत होता. सईला त्याचा राग आला, हर्षालीचा आला, दुसरा नॅपकिन आणणाऱ्या आईचाही आला. मग राग करायला आणखी कुणी उरलं नाही, तेव्हा तिला सरळ दिसलं ते असं: या खोलीत साथ कशी पसरते हे सगळ्यांत जास्त जिला कळत होतं, तिनेच आपल्या हाताने दार उघडलं होतं. कळत नव्हतं म्हणून नव्हे. तिला गरज होती म्हणून. आणि तिच्या सुरेख कोष्टकांत गरजेचा रकानाच नव्हता. लेणी वस्तीत कुणाला बाहेर पडायचं कारणच नव्हतं, मग घरी बसण्यात पराक्रम तो कसला?

"ताई, थोडाच वेळ थांबा," ती म्हणाली. "लांब बसा, फाशाला हात लावू नका. पण थांबा."

लतिकाताईंनी पिवळा पदर सावरला, खुर्ची थेट गॅलरीच्या दारात नेली आणि घड्याळाकडे पाहिलं. "बरं. थोडाच."

सई टेबलाशी उभी राहिली. "म्हातारा मेला तिथून पुढे. गौरांग, तू दरवाजा बंद केलास तेव्हा तुझी बहीण बाजारात होती. ती आता दरवाजाबाहेर उभी आहे. कडेवर तान्हं पोर आहे. खाली रात्री कुत्र्यांची झुंड फिरते."

गौरांगचं चघळणं थांबलं. "आजारी आहे का ती?"

"दिसत तर नाही."

"दिसत नाही म्हणजे काय? तुझ्या तापात दिसतच नाही ना!"

"योगेश, तुझा काका वरच्या टोकाच्या गुहेत एकटा आहे. त्याला ताप आलाय. तो तुझं नाव घेतोय."

योगेशने फासा हातात घेतला आणि तसाच धरून बसला. सॅनिटायझरची आठवण कुणालाच राहिली नाही. सईला आत्ता कुठे आठवलं की त्याचे एक काका कोरोनात आडगावच्या बाजूला कुठल्याशा दवाखान्यात वारले होते आणि घरच्या कुणालाही आत सोडलं नव्हतं. तिने घाईने म्हटलं, "काका नको. दुसरं काही देते तुला."

"राहू दे," योगेश म्हणाला. "काकाच राहू दे."

हर्षालीला तिने स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, अर्थात हातभर लांबून. तुझा घसा सकाळपासून दुखतोय. हे फक्त तुला माहीत आहे. सांगितलंस तर तुला कोंडतील, आणि वस्तीत दुसरी वैद्य नाही.

"म्हणजे मी आत्ताची मीच," हर्षाली म्हणाली.

"हो. म्हणून नीट कर."

त्यानंतर जे झालं त्याला सईच्या नियमांत कुठेही जागा नव्हती. गौरांग दरवाजा उघडायला निघाला, योगेशने त्याला अडवलं, "माझ्या काकाकडं जाऊ देत नाय आणि स्वतःच्या बहिणीला आत घेतो व्हय रे?" गौरांग म्हणाला बहीण आजारी नाही, योगेश म्हणाला वैद्याला विचार. वैद्याने मान खाली घालून सांगितलं, बहिणीला तपासायला मी जाते. ती गेली. सईने तिला फासा टाकायला लावला, कशासाठी ते न सांगता. परत आल्यावर पुन्हा टाकायला लावला. तिसऱ्यांदा टाकायला लावल्यावर गौरांग उठून उभा राहिला.

"थांब, सयडे. ही का सारखी फासा टाकतेय? हिला काहीतरी झालंय!"

"मला काय होणार?" हर्षाली म्हणाली.

"गॉगल काढ!"

"गॉगल खेळातला नाहीये, गाढवा!"

"खोकून दाखव मग!"

आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली. लतिकाताई खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. "खोटं बोलतेय ती," त्या म्हणाल्या, आणि मग दचकून स्वतःच गप्प झाल्या.

शेवटी हर्षालीने कबूल केलं. कुणी तिच्यावर ओरडलं नाही. योगेशने नकाशा स्वतःकडे ओढला आणि बोट ठेवलं. "काकाच्या गुहेसमोर ही दुसरी गुहा हाय. मधी टाकं हाय पाण्याचं. बरोबर?"

"बरोबर."

"तर मी या गुहेच्या वट्यावर बसणार. तिथनं हाक मारणार. तो बोलंल ते ऐकणार. भाकरी दोरीवरनं पलीकडं सोडणार. रोज जाणार. आन् हर्षालीलाबी तिकडंच ठिव, तिलाबी हाक मारणार, औषध कसं करायचं ते ती वरडून सांगंल. आन् याची बहीण दरवाजाच्या भायेरच्या गुहेत. तिलाबी तसंच. ज्याला बघायला जायचं त्यानं जायचं, पर हाकेच्या अंतरावनं. चालतंय का तुझ्या कोष्टकात?"

सईने कोष्टक चाळलं. हाकेचं अंतर त्यात नव्हतं. "फासा टाक," ती म्हणाली.

योगेशने फासा मुठीत घोळवला, त्यावर फुंकर मारली (सईने मान फिरवली) आणि टाकला. सतरा. त्यांनी असा काही गलका केला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली.

काका वाचला नाही. पण त्या दिवसापर्यंत रोज योगेश वट्यावर बसून त्याच्याशी कांद्याच्या भावाबद्दल बोलला, आणि वस्ती वाचली.

लतिकाताईंनी कोपरापर्यंत हात धुतले, आईने ठेवलेल्या दुसऱ्या नॅपकिनला पुसले, दाराची कडी पदराने उघडली आणि निघाल्या. खेळ आवडला की नाही यावर चकार शब्द नाही. "कळवते," एवढंच.

दोन-तीन दिवसांनी सकाळी सईचे डोळे पापण्यांना डिंक लावल्यासारखे चिकटले होते. तिला स्वतःचा इतका राग आला की आरशात बघवेना, अर्थात तसंही काही दिसत नव्हतं. तिने रजा टाकली, आपला टॉवेल वेगळा केला, आईला खोलीत यायची बंदी केली. दुपारी लतिकाताईंचा आवाजी निरोप आला. सईने तो लगेच लावला.

"सई, माझे डोळे आलेत. लग्नाच्या फोटोत करवलीपासून भटजींपर्यंत सगळे गॉगल लावून उभे आहेत. तुला मी एवढ्यात माफ करणार नाही. बरं, ऐक. ती कारणं देतेस ना प्रत्येकाला, ती आणखी हवीत, भरपूर. काकाचं आहे ना, तशी. बाकी कोष्टकं कमी कर, कुणी वाचत नाही. मग पुन्हा खेळून बघ आणि पाठव, मी छापते. पण या वेळी निरोगी माणसांकडून खेळून घे. निरोगी, कळलं?"

सईने निरोप पुन्हा ऐकला. मग हसावं की रडावं ते न कळून ती पलंगावर बसून राहिली. आता निरोगी माणसं आणायची कुठून? गौरांगचे डोळे कालच आले होते, योगेशचे परवा.

"सयडे!"

हाक खालून आली. सई गॅलरीत गेली. दुसऱ्या मजल्यावरून तिला पार्किंगमध्ये तीन काळे गॉगल दिसले. योगेशच्या हातात शहाळं होतं.

"बघायला आलोय!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. समोरच्या इमारतीतल्या दोन बायका गॅलरीत आल्या.

"ओरडू नका! वर या!" सई ओरडली. "आपल्या सगळ्यांना एकाच साथीने गाठलंय, आता वर आलात तरी काही फरक पडत नाही!"

"नाही, नाही," गौरांग खालून म्हणाला. "हाकेचं अंतर. नियम म्हणजे नियम."

"अरे, पण इथे त्याचा काही उपयोग नाही! शास्त्रीयदृष्ट्या..."

"दोरी सोड!" हर्षाली ओरडली. "शहाळं पाठवतोय!"

"माझ्याकडे दोरी नाही!"

"मंग साडी सोड काकूंची!" योगेश म्हणाला, आणि आता तिसऱ्या मजल्यावरचे आजोबाही कठड्यावरून वाकून बघू लागले.

सईने कपाळावर हात मारला. मग आत जाऊन, आईच्या कपाटापासून चार पावलं लांब उभी राहून, तिने आईला हाक मारली.